कोणाचे सदतिसावे वर्ष?

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ज्या भागाकडे असते त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. हे कार्ड आणि संगणकाची मूळ प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. हा दुभाष्या वर्षातून अनेकदा सुधारून नव्याने दिला जातो आणि प्रत्येक सुधारणेला आवृत्तीक्रमांक असतो. एनव्हिडिया कंपनीने जून २०२३ मध्ये दिलेल्या अशाच एका ड्रायव्हरचा क्रमांक होता ५३६.२३. तो बसवून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले की तिथे मात्र ३१.०.१५.३६२३ असा आकडा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, आपण मागवले एक आणि आले दुसरेच.

आकडे दोन्ही खरे आहेत. लांब आकड्यातले शेवटचे पाच अंक घ्यावेत, ५-३६२३, आणि टिंब दोन अंक सोडून ठेवावे, की ५३६.२३ निघते. सुरुवातीचे ३१ हे कार्डाचे वय सांगत नाही. विंडोजच्या चित्रव्यवस्थेची कोणती पिढी चालू आहे, ते त्यातून कळते. म्हणजे एकाच आकड्यात राज्य विंडोजचे आणि मोजणी कंपनीची. एएमडी या दुसऱ्या कंपनीची रीत आणखी निराळी. तिचा २३.५.१ हा क्रमांक म्हणजे २०२३ सालच्या मे महिन्यातली पहिली आवृत्ती. एकीने स्वतःची चढती गणना ठेवली, दुसरीने पंचांग धरले आणि विंडोजने दोघींच्या आकड्यांपुढे आपली राजमुद्रा उमटवली. २३.५.१ पेक्षा ५३६.२३ कितीतरी मोठा दिसतो, म्हणून तो पुढचा ठरतो का? या प्रश्नाला अर्थच नाही, कारण दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या खुंटीला बांधलेल्या आहेत.

हा घोळ नव्या यंत्रांनी आणला, असे अनेकांना वाटते. मी वाशिमचा आहे आणि माझ्या जिल्ह्याच्या मातीतून निघालेले दोन लेख, एक तांब्यावरचा आणि एक दगडावरचा, वेगळीच गोष्ट सांगतात. आकडा लिहिणे सोपे असते. तो कुठून मोजला, हे लिहायचे राहून जाते आणि पुढच्या लोकांना त्यासाठी शतकानुशतके चाचपडावे लागते. या दोन लेखांच्या आधारे ही गोष्ट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

तांब्यावरचा आकडा

आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ही राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला आहे. इतके मोठे नाव असूनही या शाखेचा इतिहास विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत जवळजवळ अंधारात होता.

१९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्माहून निघालेले हे दानपत्र आहे. त्याची सुरुवात संस्कृतात आणि पुढचा मोठा भाग प्राकृतात. देणारा राजा विंध्यशक्ती. त्याने आपला पिता सर्वसेन आणि आजा प्रवरसेन यांची नावे दिली आहेत. दान दिलेले गाव नांदीकटाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तरेकडच्या भागातले आहे आणि ते अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे. शेवटी काळ येतो: वर्ष ३७, हेमंत ऋतूचा पहिला पक्ष, चौथा दिवस.

काळाचा तपशील किती बारीक आहे, पाहा. ऋतू आहे, पक्ष आहे, दिवस आहे. त्या काळच्या महसुली कारभाऱ्याला याहून अधिक काही नको होते. पण आपल्याला? ३७ हे विंध्यशक्तीच्या राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष. तो गादीवर केव्हा बसला, हे ताम्रपट सांगत नाही. राजा सदतीस वर्षे तरी राज्य करत होता, एवढेच त्यातून निश्चित होते. ते सदतीस इसवी सनाच्या कोणत्या दशकात बसवायचे, याचे उत्तर त्या आकड्यात नाही.

अशा दानपत्रांत चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालो, अशी परंपरेने आलेली भाषा असते. दान चंद्रसूर्याइतके टिकावे अशी इच्छा, आणि तारीख मात्र राजाच्या आयुष्याइतकीच. नवा राजा आला की गणना पुन्हा एकपासून सुरू. जुन्या राजाचे ३७ आणि नव्याचे ३ यांत कोणते आधीचे, हे ज्याला वंशावळ पाठ आहे त्यालाच कळणार.

वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतही हीच अडचण आहे. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे नंदिवर्धन, ही त्या शाखेची राजधानी. तिथली राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. तिचा पुणे ताम्रपट तेराव्या वर्षातला आहे. हे तेरावे वर्ष कोणाचे? पती वारलेला, मुलगा दिवाकरसेन अजून युवराज आणि कारभार आईच्या हाती. गादीवर अभिषिक्त राजा नसतानाही वर्षांचा आकडा चालूच होता. राज्याच्या कारभाराला आकड्यावाचून चालत नाही, एवढे मात्र त्यावरून दिसते.

दोन ‘दुसरे’ प्रवरसेन

वर मी ‘दुसऱ्या चंद्रगुप्ताची’ असे लिहिले. आपण सगळेच असे लिहितो. पण चंद्रगुप्ताने स्वतःला कधी ‘दुसरा’ म्हटले नव्हते, आणि वाशिमच्या विंध्यशक्तीनेही नाही. राजांच्या नावांपुढचे हे अंक पुढे इतिहासकारांनी लावले. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल असल्याने एकाच वंशात तीच तीच नावे येत राहिली आणि ती वेगळी ओळखण्यासाठी अंक लागले. हेही आवृत्तीक्रमांकच, फक्त मागाहून दिलेले.

वाकाटकांचा मूळ पुरुष विंध्यशक्ती. त्याचा मुलगा प्रवरसेन. या वंशात ‘सम्राट’ ही पदवी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली. त्याच्यानंतर राज्य विभागले गेले. एक शाखा नंदिवर्धनला, दुसरी वत्सगुल्मला. पुढे नंदिवर्धन शाखेत प्रभावतीगुप्तेचा मुलगा प्रवरसेन झाला. सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य त्याच्या नावावर आहे. त्याला इतिहासकार दुसरा प्रवरसेन म्हणतात. वत्सगुल्म शाखेतही विंध्यशक्तीचा मुलगा प्रवरसेनच. त्यालाही दुसरा प्रवरसेनच म्हणावे लागते, कारण त्याच्या शाखेत मूळ प्रवरसेनानंतर त्या नावाचा तो दुसरा.

म्हणजे एका वंशात एक पहिला प्रवरसेन आणि दोन दुसरे. तिसरा कोणीच नाही. ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाच्या सूचीत नुसते ‘प्रवरसेन, दुसरा’ आढळले, तर शाखेचे नाव पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांना हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे. एका मूळ आवृत्तीतून दोन फांद्या निघतात, दोन्हींत सुधारणा होत राहतात आणि दोन्हींना क्रमाने आकडे मिळत जातात. आकडा तोच, पण वस्तू दुसरी. म्हणून तिथेही आकड्याबरोबर फांदीचे नाव सांगावे लागते.

हा घोळ नुसता सूचीपुरता राहिला नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा लेख आहे. वराहदेव हा वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा सचिव. त्याने आपल्या धन्याची वंशावळ पद्यात कोरवली. लेख ठिकठिकाणी झिजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात तो वाचला गेला तेव्हा वाकाटकांची दुसरी एखादी शाखा असेल, ही कल्पना कोणालाच नव्हती. साहजिकच पुसट अक्षरांत नंदिवर्धनच्या माहीत असलेल्या राजांची नावे वाचली गेली. ज्ञात यादीत बसेल तेच डोळ्यांना दिसले.

वाशिमच्या ताम्रपटाने सर्वसेन आणि विंध्यशक्ती ही पितापुत्रांची जोडी पुढे आणली आणि चित्र पालटले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने तपासला. जिथे दुसऱ्या शाखेचे राजे वाचले गेले होते तिथे सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे त्यांना मिळाली. विंध्यसेन म्हणजेच वाशिमचा विंध्यशक्ती. एक यादी दोन याद्यांत उलगडली आणि वत्सगुल्म शाखा स्वतःच्या पायावर उभी राहिली. सर्वसेन, विंध्यशक्ती, प्रवरसेन, त्याचा आठव्या वर्षी गादीवर आलेला मुलगा, मग देवसेन आणि शेवटी हरिषेण. यांतल्या आठ वर्षांच्या राजाचे नाव अजिंठ्याच्या लेखातून मिळत नाही. पिढ्यांच्या क्रमात त्याची जागा तेवढी ठरलेली आहे.

क्रम लागला, पण काळ? तो अजून तरंगतच होता.

खुंटीच्या शोधात

नंदिवर्धन शाखेला एक आधार होता. प्रभावतीगुप्तेमुळे तिचे नाते गुप्तांशी जुळले होते आणि गुप्त राजे आपल्या लेखांत एक सलग चालणारा संवत वापरत. हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे अकराव्या शतकात अल-बिरुनीने नोंदवून ठेवले होते. ७८ आणि २४१ मिळून ३१९. म्हणजे गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९ च्या सुमारास. चंद्रगुप्ताचा काळ ठरला की त्याच्या मुलीचा अंदाज येतो, मुलीवरून नातवाचा. लेकीच्या पदराला धरून एका राजवंशाचे कालगणित उभे राहिले.

वत्सगुल्मला अशी सोयरीक नव्हती. मिराशींनी पिढ्या मोजून, दोन्ही शाखांचे समकालीन राजे ताडून आणि शेजारच्या राजवटींचा मेळ घालून देवसेनाला साधारण इ.स. ४५० ते ४७५ आणि हरिषेणाला ४७५ ते ५०० असा काळ दिला. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा मोठा इंग्रजी संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर वत्सगुल्मचा सारा काळ अशा तर्कशुद्ध पण अप्रत्यक्ष अंदाजावरच उभा होता.

आणि त्याच दशकात वाशिमपासून जवळच्या हिस्से-बोराळा या गावचा शिलालेख अभ्यासकांपुढे आला.

दगडावरचा आकडा

हा लेख राजाच्या दानाचा नाही. देवसेनाच्या पदरी असलेल्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने एक तलाव बांधला, त्याची ही नोंद. तलावाचे नाव सुदर्शन. लेखातला आकडा ३८० आहे आणि तो देवसेनाच्या राज्यवर्षाचा नाही. तो शकाचा आहे.

वाकाटकांच्या लेखांत, एवढ्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत, शकाचे वर्ष मिळते ते या एका ठिकाणी. शके ३८० म्हणजे इ.स. ४५७-५८ किंवा ४५८-५९. हा एका वर्षाचा फरकही मोजण्याच्या रीतीतूनच येतो. वर्ष पुरे झाल्यावर मोजायचे की चालू असतानाच, म्हणजे गत शक धरायचा की वर्तमान, यावर तो अवलंबून असतो. तरीही एका वर्षाची शंका आणि पाऊण शतकाची शंका यांत फार अंतर आहे. मिराशींनी देवसेनासाठी आखलेल्या चौकटीत ही तारीख बरोबर बसली.

या लेखात आणखी एक खूण आहे. सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात असल्याचेही त्यात म्हटले आहे. सप्तर्षी एकेका नक्षत्रात शंभर वर्षे राहतात आणि २७०० वर्षांत सत्तावीस नक्षत्रांची फेरी पुरी करतात, अशी जुनी गणना आहे. बृहत्संहितेत वराहमिहिराने तिचे गणित दिले आहे. युधिष्ठिराच्या काळी सप्तर्षी मघा नक्षत्रात होते आणि तेव्हापासूनची वर्षे काढायची तर शकात २५२६ मिळवावेत. करून पाहू. ३८० अधिक २५२६ म्हणजे २९०६. त्यातून एक फेरी, २७००, वजा केली की उरतात २०६. पहिली शंभर मघाची, दुसरी शंभर पूर्वा फल्गुनीची, आणि दोनशे सहावे वर्ष उत्तरा फल्गुनीत. हिशेब जुळतो. आकाशात सप्तर्षी असे खरोखर सरकत नाहीत, पण इथे त्याचे महत्त्व नाही. लिहिणाऱ्याने एकच वेळ दोन स्वतंत्र मोजण्यांनी नोंदवली. एक आकडा झिजला असता, तर दुसऱ्याने त्याची साक्ष दिली असती.

पण एका अधिकाऱ्याला राजाचे वर्ष सोडून शक का वापरावासा वाटला? लेख याचे कारण देत नाही. मला त्याचा धागा तलावाच्या नावात दिसतो. सुदर्शन हे नाव प्राचीन भारतात एका जलाशयाने गाजवले होते, सौराष्ट्रातल्या गिरनारच्या पायथ्याच्या सुदर्शन तलावाने. तो चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधला, अशोकाच्या काळात त्याला पाट काढले गेले आणि पुढे वादळी पावसात फुटल्यावर महाक्षत्रप रुद्रदामनाच्या काळात तो पुन्हा बांधला गेला. ही सारी हकीकत रुद्रदामनाच्या जुनागढ लेखात आहे. त्यातला ७२ हा आकडा शकाचा धरला जातो, म्हणजे इ.स. १५० च्या सुमारासचा. ज्या पश्चिमी क्षत्रपांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच सलग गणना चालवली, त्यांचाच हा लेख. तोच तलाव पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या काळात दुरुस्त झाला, तो गुप्त संवत १३७ मध्ये, म्हणजे इ.स. ४५६ च्या सुमारास. हिस्से-बोराळ्याच्या अवघी दोन-एक वर्षे आधी!

वऱ्हाडातल्या तलावाला सुदर्शन नाव देणाऱ्याच्या कानावर गिरनारची कीर्ती नक्कीच असणार. त्या नावाबरोबरच पश्चिमेकडची सलग वर्षगणनाही इकडे आली असावी, असा माझा तर्क आहे. त्यामागे कामाचे स्वरूपही असेल. गावाचे दान हे राजा आणि प्रजा यांच्यातले नाते, त्याला राजाचे वर्ष पुरते. तलाव मात्र राजांपेक्षा जास्त जगतो. गिरनारच्या बांधाने मौर्य, क्षत्रप आणि गुप्त असे तीन वंश पाहिले. ज्याची डागडुजी परक्या राजवटीतला कोणीतरी करणार आहे, त्याच्या नोंदीला कोणाच्याही गादीवर न अवलंबणारे वर्ष लागते.

या एका आकड्यावर किती काही टेकलेले आहे! हरिषेण देवसेनाच्या नंतरचा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता हरिषेणाचा सचिव. त्यामुळे अजिंठ्याच्या दुसऱ्या पर्वातल्या चित्रांचा आणि शिल्पांचा काळ ठरवताना अभ्यासकांना देवसेनाच्या तारखेपाशी यावेच लागते. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी हे सारे पर्व ४६० नंतरच्या वीसेक वर्षांत बसवले. इतरांना तो वेग मान्य नाही. वाद चालू आहे, पण दोन्ही पक्षांना ४५८ ओलांडून मागे सरकता येत नाही, कारण तेव्हा देवसेन राज्य करत होता. हरिषेणाचा स्वतःचा ताम्रपट खानदेशात थाळनेरला मिळाला आहे. त्यावर वर्ष कोणते? तिसरे. पुन्हा राज्यवर्षच! जगप्रसिद्ध लेण्यांच्या काळाचा प्रश्न आला की राजाचा ताम्रपट गप्प बसतो आणि एका खेड्यातल्या तलावाचा दगड बोलतो.

राजवटी बदलल्या, आकडे उरले

वाकाटक गेले, पण त्यांनी दाखवलेली अडचण या भागात पुढे अनेकदा परत आली. अहमदनगरच्या निजामशाहीने १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराला दिले. मोगल कागदांत हिजरी सन आणि बादशहाचे जुलूस वर्ष, म्हणजे पुन्हा राज्यवर्षच. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ऋतूंच्या पुढे पळते, आणि सारा तर पिकावर घ्यायचा. म्हणून फसली सन आला. उत्तरेत तो अकबराच्या काळापासून धरला गेला, दख्खनमध्ये शाहजहानने १६३६ च्या सुमारास चालू केला. मधल्या ऐंशी वर्षांत हिजरी सन दोन-अडीच वर्षे पुढे गेला होता. परिणाम असा की उत्तरेच्या फसलीत ५९२-९३ मिळवले की इसवी सन निघतो आणि दख्खनच्या फसलीत ५९०-९१. नाव एक, सन दोन. प्रवरसेनासारखेच.

१७२४ मध्ये शेजारच्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा अंमल पक्का झाला. नागपूरकर भोसल्यांचाही वसुलीत हिस्सा होता. या दोअंमली काळात मोडी कागदांवर शुहूर सन येतो, तोही अरबी संख्याशब्दांत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. हाही मृगापासून सुरू होणारा शेतकऱ्याचा सन. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये सुरू केलेला राज्याभिषेक शक आणखी निराळा. म्हणूनच दप्तरात बसणाऱ्याच्या हाताशी जंत्री असावी लागते. एका सनातून दुसऱ्या सनात जाण्याचा रस्ता म्हणजे जंत्री. तिच्यावाचून मोडी वाचता आली, तरी कागद कळत नाही.

जिल्ह्याचीही तीच तऱ्हा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्यांच्या अमदानीत बासिम हा वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९०५ मध्ये बासिम जिल्हा मोडून अकोल्यात गेला. पुढे मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशिम जिल्हा. शंभर वर्षांत एका जागेच्या कागदावर इतके मथळे बदलले. ‘जिल्हा अकोला’ असे लिहिलेला जुना कागद आजच्या वाशिमचाही असू शकतो, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते.

जमिनीच्या क्रमांकांत हे सर्वांत जास्त बोचते. इंग्रजी मोजणीने शेताला सर्व्हे नंबर दिला. पुढे वाटण्या झाल्या तसे त्याला पोटहिस्से जोडले गेले. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याने जिथे योजना लागू झाली, तिथे नवे गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतात एक आकडा, सातबाऱ्यावर दुसरा. बांध तोच, विहीर तीच, पण दोन कागद एकाच शेताचे आहेत हे सिद्ध करायला जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता हवा. तो तक्ता फाटला किंवा हरवला तर शेत हलत नाही, पण मालकाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मान देणारी तारीख

आता पुन्हा ड्रायव्हरच्या आकड्यांकडे वळतो, कारण तिथे एक मोठी बोधप्रद युक्ती आहे. विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे जे सर्वसाधारण ड्रायव्हर येतात, त्यांच्यावर वर्षानुवर्षे एकच तारीख असते: २१ जून २००६. आजच्या विंडोजमध्येही तीच. पाहणाऱ्याला वाटते, किती जुनाट! खरे कारण उलटे आहे. दोन ड्रायव्हर सारखेच योग्य ठरले, की प्रणाली नव्या तारखेचा निवडते. कार्ड बनवणाऱ्याचा खास ड्रायव्हर नेहमी वरचढ ठरावा म्हणून मायक्रोसॉफ्टने आपली तारीख मुद्दाम मागे ठेवली. इंटेलच्या चिपसेटच्या काही फायलींवर तर १८ जुलै १९६८ ही तारीख आढळते. तो दिवस इंटेल कंपनीच्या स्थापनेचा. तेव्हा विंडोजही नव्हते आणि तो चिपसेटही नव्हता. ती तारीख काळ सांगत नाही, मान कोणाचा ते सांगते.

अशा तारखेचा अर्थ आज आपल्याला कळतो, कारण तो सांगणारी माणसे अजून आहेत. आणखी शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला हीच फाइल सापडली आणि हे कारण कुठे लिहिलेले नसेल, तर १९६८ मध्ये ड्रायव्हर होता असा निष्कर्ष तो काढू शकेल. सोळाव्या लेण्यात पहिल्या वाचकांना दुसऱ्या शाखेचे राजे दिसले, त्याहून हे फार वेगळे नाही.

माझे म्हणणे सलग गणना श्रेष्ठ आणि राज्यवर्षे कनिष्ठ, असे नाही. विंध्यशक्तीच्या कारभाऱ्यांचे काम ३७ या आकड्याने चोख झाले असणार. त्या दिवशी राज्यात राजा कोण, हे विचारण्याची कोणाला गरज नव्हती. प्रत्येक मोजणी तिच्या घरात शहाणीच असते. ती घराबाहेर पडली की अडते. राज्य बदलले, शाखा फुटली, जिल्हा मोडला, प्रणालीची पिढी पालटली की आतल्या माणसाला न सांगता कळणारी गोष्ट बाहेरच्याला कुठेच सापडत नाही. आकडा जपला जातो आणि त्याचा आरंभबिंदू हरवतो, कारण तो सर्वांना माहीत आहे असे समजून कोणी लिहिलेलाच नसतो.

आज गावोगावचे जुने कागद यंत्राने टिपून साठवले जात आहेत. काम मोलाचे आहे. पण कागदावरचा आकडा टिपताना त्याच्या शेजारी तो फसली की शुहूर, सर्व्हे की गट, बासिम की अकोला, हे दोन शब्द न लिहिता ठेवला, तर आपण पुढच्या पिढीसाठी नवे सदतिसावे वर्ष तयार करू. हे काम महागडे नाही आणि त्याला मोठी विद्याही लागत नाही. हिस्से-बोराळ्याच्या दगडावर ते पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेले आहे. स्वामिल्लदेवाने आकड्यापुढे शकाचे नाव कोरवले आणि वर सप्तर्षींची साक्षही ठेवली. आपल्या धन्याचे राज्य तलावाइतके टिकणार नाही, हे त्या अधिकाऱ्याने बहुधा ओळखले होते.